पहिल्यांदाच स्कीइंग, दोन जोडपी, चौघांच्या चार तऱ्हा: गुलमर्ग की औली, आणि कसं जमवायचं?

केळीपट्टा_जळगाव

नमस्कार मंडळी, येत्या फेब्रुवारीत आम्ही दोन जोडपी बर्फात जायचं म्हणतोय. म्हणजे नुसतं गमबूट भाड्याने घेऊन फोटो काढून परत यायचं नाही, खरंच स्कीइंग शिकायचंय. अडचण अशी की चौघांच्या चार तऱ्हा आहेत. माझा मित्र मूळचा अमळनेरचा, आता पुण्यात असतो, त्याने उत्तराखंडातल्या औलीला बेसिक कोर्स केलेला आहे आणि त्याला आता वर वर जायचंय. त्याची बायको स्कीवर कधी उभी राहिलेली नाही पण ट्रेकिंगवाली आहे, तोरणमाळपासून हरिश्चंद्रगडापर्यंत सगळं पायाखालून घातलंय, दमाला कमी नाही. मी मधला, संध्याकाळी बॅडमिंटन खेळतो, फिटनेस ठीकठाक. आणि माझी मिसेस, तिला उंचीची भीती आहे, रोपवेत बसलं की डोळे मिटून घेते, आणि उजवा गुडघा जिना उतरताना मधूनमधून दुखतो. पण जायचा उत्साह सगळ्यात जास्त तिचाच आहे, तिनेच हे सगळं काढलं, त्यामुळे तिला हॉटेलच्या खिडकीत बसवून आम्ही तिघं मजा करणार हे मला अजिबात नकोय.

मित्र म्हणतो मी तिघांनाही शिकवतो, इन्स्ट्रक्टरचे पैसे कशाला घालवायचे. ते कितपत बरोबर? दिवसभर चौघांनी एकत्र राहायचं की वेगवेगळं? गुडघ्याचं काय करावं? आणि घरचे 2025 च्या पहलगामच्या घटनेनंतर काश्मीर म्हटलं की गप्प होतात, म्हणून औलीचाही विचार आहे. आम्ही पंचेचाळीस डिग्रीत वाढलेली माणसं, बर्फाचं काहीच गणित माहीत नाही, त्यामुळे अगदी बाळबोध वाटलं तरी सांगा.


पांझराकाठ (धुळे)

भाऊ, मी गुलमर्गबद्दल सांगतो कारण तेच मला माहीत आहे. तुमच्यासारख्या मिक्स ग्रुपला गुलमर्गचा मोठा फायदा म्हणजे तिथं सगळं एकाच डोंगरावर, एकावर एक रचलेलं आहे. खाली गुलमर्गचं मैदान साधारण 2650 मीटरवर, उन्हाळ्यात जिथं गोल्फ खेळतात तोच भाग हिवाळ्यात बर्फाखाली जातो आणि नवशिक्यांचे उतार तिथंच असतात, इतके सौम्य की पडलात तरी थोडं घसरून आपोआप थांबता. तिथून गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा नऊ-दहा मिनिटांत कोंगडोरीला नेतो, आणि कोंगडोरीहून दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगावर, जवळजवळ 3900 मीटरवर. पहिला टप्पा 1998 साली सुरू झाला, दुसरा 2005 मध्ये.

आता तुमच्या चौघांचं बघा. वहिनी, तुम्ही आणि मित्राची मिसेस, तिघांनी सुरुवातीचे दिवस खालच्या मैदानावरच काढायचे. मित्राला कोंगडोरीच्या आसपास आणि तिथून झाडीतून खाली गुलमर्गपर्यंत उतरायला भरपूर आहे. आणि कोंगडोरीला स्की न करणारा माणूसही गोंडोलाने जातो आणि गोंडोलानेच खाली येतो, वर चहा, मॅगी, राजमा-चावल मिळतं. म्हणजे दुपारी जेवायला सगळ्यांनी भेटायची जागा आयतीच मिळाली. सकाळी आपापल्या लेव्हलला, दुपारी एका टेबलावर, त्यानंतर ज्याला जमेल त्याने परत उतारावर जायचं, ज्याचे पाय भरून आले त्याने कावा, म्हणजे काश्मिरी चहा, घेत बसायचं. दिवसभर चौघांनी हात धरून फिरायचं ठरवलं की मित्र कंटाळतो आणि वहिनी घाबरतात, दोघांचाही दिवस जातो.

वहिनींच्या उंचीच्या भीतीबद्दल एक सांगतो. गोंडोलाची केबिन बंद असते, सहा जणांची, पाय लोंबकळत नाहीत. तरी पहिल्या दिवशी त्यात बसायची काहीच गरज नाही, कारण शिकायचे उतार खालीच आहेत. दोन-तीन दिवस बर्फावर पाय स्थिरावले की मग त्यांनीच ठरवावं. नाहीच बसल्या तर त्या दिवशी मित्राने खाली उतरून यावं जेवायला, त्यात काय. वारा सुटला की गोंडोला बंदच ठेवतात, अशा दिवशी तसंही सगळे खालीच असतात.

पोचल्याच्या दिवशी स्की करायची घाई नको. आपण दोनशे मीटरवरून एकदम तिथं जातो, पाणी पीत राहा, थोडं चाला आणि सामान भाड्याने घ्यायचं काम तेवढं उरकून घ्या. त्यातही बुटाला वेळ द्या, हे फार महत्त्वाचं आहे. स्कीचा बूट आपल्या बुटासारखा नसतो, कडक प्लास्टिकचा, पुढून बकल. घालताना आधी टाच मागे आपटून पक्की बसवायची, मग घोट्याजवळची बकल लावायची, पंजावरची नंतर आणि सैलसर. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, आणि गुडघे पुढे वाकवले की बोटं सुटली पाहिजेत. असं झालं तर माप बरोबर. वाकल्यावरही बोटं दाबली जात असतील तर लहान, टाच वर उचलली जात असेल तर मोठा. दुकानदार म्हणेल चलेगा साब, पण आपण तिथल्या तिथं पाच-दहा मिनिटं बूट घालून उभं राहायचं, संकोच करायचा नाही. आतलं अस्तर ओलं असेल तर दुसरा मागा. आणि मोजा एकच, पातळ लोकरीचा, लांब. आपल्याकडे थंडी म्हटलं की लोक दोन-तीन मोजे चढवतात, त्याने बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.


चोपडेकर_ताई

दादा, बाकी सगळं राहू द्या, मित्राने शिकवायचं नाही आणि तुम्हीही वहिनींना काही शिकवायचं नाही, एवढं एक पक्कं करा. आमच्याकडे मिस्टर आधीपासून स्कीइंग करायचे, मी कोरी पाटी. जायच्या आधीच आम्ही ठरवून टाकलं होतं की हे मला एक शब्दही सांगणार नाहीत, मी इन्स्ट्रक्टरकडे जाणार. त्यामुळे आमचं छान जमलं. पण त्याच उतारावर काय काय बघितलं ते सांगते. एक नवरा दहा फूट खाली उभा राहून ओरडतोय, गुडघे वाकव, पुढे झुक, अगं पुढे, आणि ती बिचारी जितकी घाबरते तितकी मागे झुकते, आणि मागे झुकलं की स्की सुसाट सुटते, कारण वजन मागे गेलं की पुढच्या टोकावर ताबाच राहत नाही. ती पडली. तो म्हणाला सोप्पं तर आहे. तिने काठ्या बर्फात रोवल्या, स्की काढून ठेवली आणि चालत निघाली. असं एकच जोडपं नव्हतं बरं का.

ज्याला येतं त्याला आठवतच नाही की आपल्याला ते कसं आलं. तुमच्या मित्राने कोर्स केलाय म्हणजे त्याला स्वतःला उतरता येतं. पण घाबरलेल्या माणसाचं वजन पुढे कसं आणायचं, कुठल्या क्षणी थांबवायचं, आज एवढंच पुरे हे कधी म्हणायचं, हे इन्स्ट्रक्टरचं काम आहे, तो दिवसभर तेच करत असतो. आणि दुसरं, नवऱ्याने सांगितलं की ते नवऱ्याने सांगितलेलं असतं. सकाळी चहावरून काही बोलणं झालं असेल तर ते उतारावरही येतं. परक्या माणसाने तेच वाक्य म्हटलं की आपण गुपचूप ऐकतो.

मला इन्स्ट्रक्टरने पहिला तास काय करायला लावलं सांगते. आधी एकाच पायात स्की घालून सपाटीवर घसरत चालायचं, मग दुसऱ्या पायात, मग दोन्ही. मग उताराला आडवं उभं राहून एकेक पाऊल कडेकडेने वर चढायचं. लिफ्ट नाही, काही नाही. घाम निघाला हो त्या थंडीत. पण त्यातूनच कळतं की स्कीची कड बर्फात रुतवली की आपण जागच्या जागी उभं राहू शकतो, घसरत नाही. ते कळलं आणि माझी निम्मी भीती गेली. त्यानंतर स्नोप्लो, म्हणजे पुढची टोकं जवळ आणि मागची टोकं लांब, ते सगळे त्याला पिझ्झाच म्हणतात. टाचा बाहेर ढकलल्या की वेग कमी, जास्त ढकलल्या की थांबता. वहिनींना जोपर्यंत "मी त्या झेंड्यापाशी थांबते" म्हणून तिथंच थांबता येत नाही, तोपर्यंत वर न्यायचं नाही. थांबता येतं, दोन्ही बाजूंना वळता येतं आणि ड्रॅग लिफ्ट जमते, या तीन गोष्टी झाल्या की पुढची पायरी. कितवा दिवस आहे त्यावर ठरवू नका.

ड्रॅग लिफ्टचं पण सांगून ठेवा त्यांना, ती बसायची नसते. आपण उभेच राहायचं, स्की सरळ ठेवायच्या, ती आपल्याला मागून ओढत नेते. बसायला गेलं की पडतो माणूस, आणि पडलं तर लगेच बाजूला व्हायचं कारण मागून दुसरा येत असतो.

ट्रेकवाल्या मैत्रिणीबद्दल पण बोलते. तिला वाटेल माझे पाय मजबूत आहेत, मला लवकर येईल. दम उपयोगी पडतो हे खरंय, पण घसरण्याची सवय वेगळी, ट्रेकवर आपण आयुष्यभर न घसरायलाच शिकलेलो असतो. तिनेही वहिनींबरोबर एकाच बॅचला सुरुवात करावी. पुढे ती भराभर गेली तर जाऊ दे, तिचा क्लास वेगळा करा. वहिनींना एक सोबत म्हणून मागे ठेवू नका, त्यांनाही ते आवडणार नाही.


हाडवैद्यांचा_शेजार (भुसावळ)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून फक्त गुडघ्यापुरतं लिहितो. जिना उतरताना दुखतं एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. तीन गोष्टी विचारा मिसेसला. गुडघा सुजतो का, मध्येच अडकतो का, आणि चालताना एकदम सटकल्यासारखं होतं का. यातलं एक जरी असेल तर तिकीट काढायच्या आधी ऑर्थोपेडिककडे जा. विशेषतः सटकणारा गुडघा घेऊन स्कीवर उभं राहू नये, कारण स्कीइंगमध्ये सगळ्यात जास्त मार गुडघ्यालाच बसतो आणि आतला एसीएल लिगामेंट फाटण्याचं प्रमाण बायकांमध्ये जास्त असतं. यातलं काहीच नसेल, नुसतं वाटीच्या पुढे दुखत असेल, तर बहुतेक वेळा मांडीचे स्नायू कमजोर असतात आणि दोन महिने व्यायाम केला तर चांगला फरक पडतो. तरी एकदा दाखवून घ्या.

व्यायाम चौघांनीही करा, मित्रानेही. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं थांबायचं, रोज थोडं थोडं वाढवत. मग जिना हळू उतरणं, एक पायरी उतरायला तीन सेकंद, कारण स्कीइंगमध्ये मांडीवर ताण येतो तो असाच, वजन रोखून धरण्याचा. एका पायावर उभं राहून दात घासा, तोल सुधारतो. ज्याचा गुडघा दुखतो त्याने भिंतीचा व्यायाम कमी वाकून करावा, दुखेपर्यंत खाली जाऊ नये.

आता एक गोष्ट जी दुकानात ठरते आणि कोणी लक्ष देत नाही. बूट स्कीला ज्याने जोडलेला असतो त्या बाइंडिंगचं एक सेटिंग असतं. पडल्यावर स्की पायातून सुटली पाहिजे, नाहीतर स्की वळते आणि तिच्याबरोबर गुडघाही पिळला जातो. किती जोर आला की सुटायचं हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि माणसाला स्कीइंग कितपत येतं यावर ठरवतात. जोडपी येतात, नवराच दोघांचं सांगतो, "दोनों को थोडा बहुत आता है", आणि बायकोचं सेटिंग उगाच कडक होतं. वहिनींनी स्वतः उभं राहून स्वतःचं खरं वजन आणि "मी पहिल्यांदाच करतेय" हे सांगायचं. वजन सांगायला लाजायचं नाही, गुडघ्याचा प्रश्न आहे.

आणि पडायला शिका. पडतोय असं वाटलं की वाचवायचा आटापिटा करायचा नाही, बाजूला, मांडी-कुल्ल्यावर पडायचं. मागे बसल्यासारखं पडून, घसरत असतानाच उठायचा प्रयत्न करणं हे एसीएल फाटायचं नेहमीचं कारण आहे. पूर्ण थांबेपर्यंत पडून राहायचं, मग उठायचं. काठीचा पट्टा अंगठ्यात अडकलेला असताना हात टेकला की अंगठ्याच्या मुळाशी दुखापत होते, म्हणून नवशिक्यांनी पट्टे मनगटात न घातलेलेच बरे. हेल्मेट चौघांनाही. कोणाला बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर अफरवटच्या उंचीवर जायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.


केळीपट्टा_जळगाव

ताई, भाऊ, डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. मिसेसला सगळं वाचून दाखवलं. गुडघा सुजत नाही, अडकत नाही, सटकत पण नाही, तरी या आठवड्यात ऑर्थोकडे जातोय. ताईंचा रिप्लाय तिने दोनदा वाचला आणि मित्राच्या बायकोला पाठवून दिला.

दोन गोष्टी राहिल्या. औलीबद्दल कोणी सांगेल का, आणि मित्राचं. तो म्हणतोय मला अफरवटवरून खाली यायचंच आहे, त्याशिवाय गुलमर्गला जाऊन काय उपयोग. त्याची बायको त्यावरून आत्ताच काळजीत आहे. त्याला कसं समजवावं?


गिरणाकाठी (चाळीसगाव)

मित्राला सांगा की बेसिक कोर्सच्या जोरावर अफरवटवरून उतरायचं नाही, आणि हे अगदी स्पष्ट शब्दांत सांगा. कोर्समधला उतार मशीनने दाबून सपाट केलेला असतो. अफरवटचा बहुतेक भाग तसा नसतो, मोकळा, खोल, ताजा बर्फ, आणि तिथला खरा धोका हिमस्खलनाचा आहे. 2023 च्या फेब्रुवारीत तिथं हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, 2024 च्या फेब्रुवारीत गुलमर्गलाच एक रशियन गेला. असल्या मोकळ्या बर्फावर जाणारी माणसं अंगावर ट्रान्सीव्हर (बर्फाखाली अडकलेल्याचा ठावठिकाणा देणारं यंत्र) लावतात, पाठीवर फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) ठेवतात, स्थानिक गाइड घेतात आणि त्या दिवशीचा हिमस्खलनाचा इशारा बघून मगच निघतात. त्यांना हे सगळं वापरता येतं, नुसतं भाड्याने घेऊन अंगावर चढवलं की झालं असं नसतं. मोठी बर्फवृष्टी झाल्यावरचा पहिला निरभ्र दिवस सगळ्यात मोहाचा असतो, आणि तोच सगळ्यात धोक्याचा.

पण त्याचं मनही मोडायला नको. त्याने दुसऱ्या टप्प्याने गोंडोलाने वर जावं, डोंगर बघावेत आणि गोंडोलानेच खाली यावं. स्कीइंगसाठी कोंगडोरीच्या भागात आणि तिथून खालच्या वाटेवर स्वतःसाठी एक चांगला इन्स्ट्रक्टर लावावा, पॅरलल टर्न, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं, पक्के करावेत, आणि ताजा बर्फ कसा असतो ते कमी उतारावर शिकावं. चौघात फक्त नवशिक्यांनाच क्लास आणि येणाऱ्याला मोकळीक, असं सगळे करतात, पण येणारा माणूसही शिकत असला की घरी परतल्यावर चौघांकडेही सांगायला काहीतरी असतं. बायकोची काळजी पण कमी होईल, कारण तो एकटा नसेल. आणि उतारावरचा नियम चौघांनीही पाठ करा, वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं. खालचा माणूस तुम्हाला बघत नसतो. त्याच कारणाने अरुंद जागी किंवा वळणाच्या आड थांबू नका, कडेला थांबा.

औलीबद्दल. चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या वर, साधारण अडीच ते तीन हजार मीटर. 2011 चे दक्षिण आशियाई हिवाळी खेळ तिथं झाले. गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात, शिकायला शिस्त चांगली, आणि समोर नंदादेवी दिसते, तो नजारा दुसरीकडे नाही. चेअरलिफ्ट आहे. पण जोशीमठहून औलीला जाणारा चार किलोमीटरचा रोपवे जमीन खचायला लागल्यावर 2023 च्या जानेवारीत बंद केला, त्यामुळे रस्त्यानेच वर जायचं हे धरून चाला. ऋषिकेशपासून जोशीमठ म्हणजे पूर्ण दिवस घाटातला प्रवास. बर्फाचा भरवसाही गुलमर्गपेक्षा कमी, बर्फ नाही म्हणून तिथल्या राष्ट्रीय स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या आहेत. तुमच्या दृष्टीने मोठा फरक म्हणजे जागा छोटी, मित्राला दोन-तीन दिवसांत तोच तोच उतार वाटेल. तुम्ही तिघंच असता आणि तिघंही नवखे असता तर मी औलीच म्हटलं असतं.

घरच्यांच्या काळजीवर मी काही बोलणार नाही, ती खरी आहे. तुमचं मन काश्मीरला तयार नसेल तर मनालीजवळ सोलांग आहे. मनालीची सरकारी गिर्यारोहण संस्था तिथं हिवाळ्यात स्कीइंगचे कोर्स घेते. उतार नवशिक्यांना पुरेसा, पण गर्दी फार, सुट्टीच्या दिवशी स्लेज, ट्यूब, स्नो-स्कूटर, सगळं एकाच बर्फावर.


अक्कलपाडा_ते_पुणे

थोडा वेगळा सूर लावतो. सगळे म्हणतायत वेगवेगळं करा, पण नवरा-बायको फिरायला जातात ते एकत्र राहायलाच ना? मी आणि बायको दोघंही नवखे होतो, एकाच इन्स्ट्रक्टरकडे एकत्र शिकलो, एकत्र पडलो, आणि आम्हाला तरी ते फार आवडलं. केळीपट्टा भाऊ, तुम्ही आणि वहिनी दोघंही पहिल्यांदाच करताय, तर तुम्ही दोघांनी एकच इन्स्ट्रक्टर घ्या ना. तुम्हाला लवकर जमलं तरी पहिले दोन दिवस तिच्याबरोबर त्याच उतारावर राहा. तिला उंचीची भीती आहे, ओळखीचा चेहरा शेजारी असला की बळ येतं.


चोपडेकर_ताई

अक्कलपाडा दादा, दोघंही नवखे असतील तर तुमचं बरोबर आहे, मी ते मान्य करते. शेजारी पडायला कोणीतरी असणं चांगलंच. फक्त दोन अटी. दादांना वळायला आलं की त्यांनी "हे बघ असं" सुरू करायचं नाही. आणि वहिनींनी "आज मला एवढंच पुरे" म्हटलं की ते एवढंच पुरे, "अजून एकदा, शेवटचं" नाही. दिवसाच्या शेवटी, पाय थकलेले असताना, त्या शेवटच्या एका फेरीतच माणसं पडतात.


सातपुड्याचा_वारा (नंदुरबार)

मस्त शे प्लॅन तुम्हना, भो. प्रवासाचं मी सांगतो. जळगावहून सोपं म्हणजे रात्रीच्या गाडीने दिल्ली आणि दिल्लीहून श्रीनगरचं विमान. मुंबईहूनही श्रीनगरला विमानं आहेत. सगळं रेल्वेनेच करायचं असेल तर झेलम एक्सप्रेस जळगाव-भुसावळवरून थेट जम्मूला जाते, तिथून पुढे कटऱ्याला जायचं, आणि 2025 च्या जूनपासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झालीये, तीन-एक तासांत सोडते, चिनाबचा 359 मीटर उंच पूल त्याच वाटेवर. पण वेळ जातो, आणि गुडघा दुखणाऱ्या माणसाला एवढं बसून राहणं जड जाईल, तेवढा विचार करा. काहीही करा, परतीच्या बाजूला एक दिवस मोकळा ठेवा. फेब्रुवारीत बर्फ पडला की श्रीनगरची विमानं रद्द होतात, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर शेवटचे दोन दिवस सगळे फक्त मोबाइलमध्ये बघत बसतात.

श्रीनगर ते गुलमर्ग पन्नास किलोमीटर. तंगमर्गपर्यंत साधी गाडी जाते, पुढचे तेरा किलोमीटर बर्फ असेल तर चाकांना साखळ्या लावलेली गाडी किंवा फोर बाय फोर लागते. तंगमर्गला गाडी बदलताना घोडा, स्लेज, गाइड, गमबूट असे बरेच लोक भोवती जमतात, त्यांचा हंगामच तेवढा असतो, नम्रपणे नाही म्हणा आणि हॉटेलला आधीच फोन करून गाडी तंगमर्गला बोलावून ठेवा. मोबाइल पोस्टपेड असू द्या चौघांपैकी निदान दोघांचा, आपलं प्रीपेड सिम तिथं चालत नाही. वेगवेगळ्या उतारांवर असताना एकमेकांना फोन लागलाच पाहिजे, तुमच्या प्लॅनला तर हे लागणारच.

कपडे. आपल्याकडे लोक जीन्सवर स्वेटर चढवून निघतात. जीन्स बर्फात भिजते आणि वाळत नाही, दिवसभर थंडी त्यानेच वाजते. आत थर्मल, मध्ये फ्लीस, बाहेर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट, हे तिथं भाड्यानेही मिळतं. आतले कपडे आणि मोजे मात्र स्वतःचे न्या. गॉगल हवाच, ताज्या बर्फावरून ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फिरतात, वर ढग असले तरी डोळे जळतात. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावा, ऊन खालून येतं तिथं. आपण जळगावचं ऊन खाल्लेली माणसं, आपल्याला काय होतंय असं वाटतं, पण ते ऊन अंगाला गार लागतं म्हणून कळतच नाही.

शाकाहारी जेवण मिळतं, काळजी नाही. तरी वहिनींना म्हणावं शेव, शेंगदाण्याची चटणी आणि थोडा ठेचा घेऊन जा, तिसऱ्या दिवशी चौघंही त्याच डब्यावर तुटून पडाल.

बुकिंग करताना हॉटेलचे पैसे परत मिळतील असंच बघा. 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग अक्षरशः कोरडं होतं, बर्फ महिन्याच्या अखेरीस आला, अन् आधी गेलेले लोक पिवळं गवत बघून परतले. तुम्ही फेब्रुवारी धरलाय ते चांगलं केलं. चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस 30 जानेवारीच्या आसपास संपतात, त्यानंतर थंडी जरा सोसवते, दिवस मोठा होतो आणि बर्फ बहुतेक वेळा असतोच. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन आधीच काढा.


केळीपट्टा_जळगाव

सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय, काही चुकत असेल तर सांगा. जागा गुलमर्ग, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, घरच्यांशी बसून नीट बोलणार, आणि त्यांचं मन तयार नाही झालं तर सोलांग. मी आणि मिसेस एकाच इन्स्ट्रक्टरकडे. मित्राची बायको सुरुवातीला आमच्यात, नंतर तिची ती. मित्र स्वतःसाठी वेगळा इन्स्ट्रक्टर लावायला तयार झालाय, अफरवटला फक्त गोंडोलाने जाऊन येणार असं त्याने बायकोला कबूल केलंय. दुपारी एक वाजता जेवायला भेटायचं, मिसेस वर यायला तयार असेल तर कोंगडोरीला, नाहीतर खालीच. मिसेसने आजपासून भिंतीला पाठ लावून बसायला सुरुवात केलीये, मुलगी शेजारी घड्याळ लावून बसते.

एकच विचारायचं होतं, ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतला तर स्कीइंगचा अपघात त्यात येतो का?


पांझराकाठ (धुळे)

भाऊ, प्लॅन अगदी बरोबर बसवलाय. इन्शुरन्समध्ये आपोआप येत नाही. बऱ्याच साध्या पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात, विंटर स्पोर्ट्स नाव घेऊन कव्हर आहे का ते कागदावर बघा आणि नसेल तर तो भाग जादा पैसे भरून जोडता येतो का विचारा. ठरलेल्या उताराबाहेर गेलं तर कव्हर नाही अशी अट बऱ्याच ठिकाणी असते, ती ओळ मित्राला दाखवा. आणि उतारावरून खाली आणण्याचा, हॉस्पिटलपर्यंत न्यायचा खर्च त्यात आहे का तेही बघून घ्या. ऑर्थोने काय सांगितलं ते इथं लिहा.